एक्झोम निगेटिव्ह आला म्हणजे घराण्यातला आजार आनुवंशिक नाही, असं होत नाही

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुमचं घर गोव्यातल्या डिचोलीचं. बाबांना ४४ व्या वर्षापासून चालताना तोल जातो, आता बोलणंही जड झालंय. आत्याला तेच ३८ व्या वर्षी सुरू झालं. आजोबा उतारवयात झोकांड्या खात चालायचे, पण ते घेणारे होते म्हणून सगळं दारूवर गेलं, आणि आता आतेभावाचं अक्षर २७ व्या वर्षी बिघडायला लागलंय. बाबांची एक्झोम टेस्ट, म्हणजे जीन्समधला प्रोटीन बनवणारा भाग वाचणारी टेस्ट, एका प्रायव्हेट लॅबमधून केली, भरपूर पैसे गेले, रिपोर्टात काही सापडलं नाही आणि कुणीतरी सांगून टाकलं की मग हे आनुवंशिक नाही. तुम्ही विचारताय की दुसऱ्या लॅबमध्ये परत करू का, आमच्या घराण्यातलं जीन शोधून काढता येतं का, आणि लग्न ठरायच्या आधी मी स्वतःची टेस्ट करून घेऊ का.

लॅब बदलून तीच टेस्ट केलीत तर बहुतेक तेच उत्तर येईल, कारण ही टेस्ट ज्या प्रकारचे बदल बघू शकते त्यात तुमच्या घरातला बदल बसतच नसावा असा मला दाट संशय आहे. मी बरीच वर्षं आनुवंशिक मेंदूविकारांच्या कुटुंबांसोबत काम करते आणि निगेटिव्ह एक्झोम हातात घेऊन हताश झालेली घरं सारखी भेटतात. बाबांना तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही, पण विचार कसा करायचा ते सांगू शकते.

तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरूनच बघा. आजोबांकडून बाबांना आणि आत्याला, आत्याकडून तिच्या मुलाला. तीन पिढ्या, मधली एकही सुटलेली नाही, बायका-पुरुष दोघांनाही. असं दिसलं की आम्ही पहिल्यांदा डॉमिनंट म्हणतो, म्हणजे जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली आली तरी आजार होतो आणि प्रत्येक मुलाला ती मिळायची शक्यता निम्मी. आजोबांकडून बाबांना आलंय म्हणजे एक्स क्रोमोझोमवरचा आजार बाद, कारण बाप मुलाला आपला एक्स देतच नाही. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या डीएनएचा आजारही बाद, तो आईकडून येतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता, नुसत्या वंशावळीच्या कागदावर इतकं कळलं.

मग वय बघा. आजोबांना उतारवयात, पुढच्या पिढीत चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, त्याच्या पुढच्या पिढीत २७. दर पिढीला आजार लवकर येतोय. यात थोडा भाग असाही असतो की घरात एकदा आजार माहीत झाला की पुढच्या मुलांकडे लोक बारकाईनं बघतात, त्यामुळे लवकर लक्षात येतं, पण इतका फरक तेवढ्यानं होत नाही. याला अँटिसिपेशन म्हणतात आणि तोल जाण्याच्या आजारात, म्हणजे ॲटॅक्सियात, ते दिसलं की डोक्यात एकच गोष्ट पहिल्यांदा येते, रिपीट एक्स्पान्शन. काही जीन्समध्ये सी-ए-जी अशी तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. ठरावीक संख्येपर्यंत काही बिघडत नाही, त्यापुढे गेली की त्या जीनचं प्रोटीन पेशींना त्रास द्यायला लागतं, आणि असा लांबलेला तुकडा पुढच्या पिढीत जाताना आणखी लांबू शकतो. तुकडा जितका लांब तितका आजार साधारण लवकर.

आता एक्झोमनं हे का पकडलं नाही. एक्झोम जीनोमचा, म्हणजे आपल्या संपूर्ण डीएनएचा, साधारण एक-दोन टक्के भाग वाचतो, प्रोटीन बनवणारा, आणि तोही छोट्या तुकड्यांत, सहसा दीडशेएक अक्षरांच्या. स्पेलिंगची चूक असेल, एखादं अक्षर गळलं असेल तर ते छान सापडतं. पण सीएजी-सीएजी-सीएजी असा लांबलचक पट्टा तुकड्यांत आला तर कुठला तुकडा कुठे बसवायचा आणि एकूण रिपीट किती हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते गप्प राहतं. लॅबनं फसवलं असं म्हणायचं नाहीये मला. रिपोर्टचं शेवटचं पान काढा, टेस्टच्या मर्यादा बारीक अक्षरात दिलेल्या असतात, तिथे बहुतेक लिहिलेलं असेल की रिपीट एक्स्पान्शन या पद्धतीनं कळत नाहीत. ते पान कुणी वाचत नाही आणि वाचून दाखवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका ओळीअभावी घरं वर्षानुवर्षं अडकून राहतात.

त्यामुळे तुमच्यासाठी पुढची पायरी म्हणजे एससीए रिपीट पॅनल. एससीए म्हणजे स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सिया. यात १, २, ३, ६, ७, १२, १७ अशा प्रकारांचे रिपीट पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढून, मोजतात, आणि फार लांब तुकडा साध्या पीसीआरला चकवतो म्हणून ट्रिप्लेट-प्राइम्ड पीसीआरही करावं लागतं, ते करतात का हे लॅबला आधी विचारून घ्या. एक्झोमपेक्षा ही टेस्ट बरीच स्वस्त आहे. आधी हीच व्हायला हवी होती.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य सहज आलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बाजूला बघायचं असलं तर बाबा डोळे वळवण्याऐवजी पूर्ण मान वळवतात. डोळ्यांची झटकन एका जागेवरून दुसरीकडे जायची हालचाल मंद झाली की माणूस असं करतो. ॲटॅक्सियासोबत मंद डोळे हे चित्र मुंबईचे डॉक्टर नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ भारतीय कुटुंबांवरून मांडलं होतं, तेव्हा जीन वगैरे काही माहीत नव्हतं, नुसतं पेशंटसमोर बसून नीट बघितलेलं. पुढे या चित्राचा संबंध मुख्यतः एससीए-२ शी लागला. त्याचं जीन एटीएक्सएन-२, बाराव्या क्रोमोझोमवर. बहुतेक लोकांत त्यात २२ रिपीट असतात, ३१ पर्यंत नॉर्मल धरतात, ३३ आणि पुढे आजाराचे. मंद डोळे दुसऱ्याही काही प्रकारांत दिसतात, त्यामुळे मी एवढंच म्हणेन की बाबांना तपासणाऱ्या न्यूरोलॉजिस्टना हे आवर्जून दाखवा आणि टेस्टच्या फॉर्मवर लिहायला सांगा. लॅबला पेशंट दिसत नाही, फॉर्म दिसतो. फॉर्मवर नुसतं 'ॲटॅक्सिया' लिहून पाठवलं तर त्यांनी काय शोधायचं?

गोव्यात हटकून विचारला जाणारा एक प्रश्न इथेच घेते. एससीए-३ ला मशादो-जोसेफ आजार म्हणतात, तो पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या कुटुंबांत पहिल्यांदा वर्णन झाला, मग आमच्याकडेही पोर्तुगीजांकडूनच आला असणार का? असं गृहीत धरू नका. हाच प्रकार जपान, चीनमध्येही भरपूर आहे आणि भारतात एससीए-१, एससीए-२ जास्त भेटतात. तपासायचा मात्र तोही, पॅनलमध्ये असतोच.

पॅनलही निगेटिव्ह आलं तर? तेव्हा पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून. आरएफसी-१ आणि एफजीएफ-१४ या जीन्समधले रिपीट २०१९ पासून पुढे कळले, दोन्ही प्रोटीनच्या भागाबाहेर लपलेले, पण आरएफसी-१ रिसेसिव्ह आहे, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, आणि एफजीएफ-१४ साधारण पन्नाशीनंतर सुरू होतो, तुमच्या घरातल्या चित्राशी दोन्ही जुळत नाहीत. तेव्हा मी होल जीनोमकडे, म्हणजे अख्खा डीएनए वाचणाऱ्या टेस्टकडे वळेन, शक्य झालं तर लाँग-रीड, ज्यात हजारो अक्षरांचा तुकडा सलग वाचला जातो आणि रिपीट अख्खे दिसतात. आणि एक गोष्ट कुठल्याही जीनच्या आधी, बी-१२, व्हिटॅमिन ई, थायरॉइड बघितलेलं नसेल तर बघून घ्या, फिटची गोळी वगैरे चालू आहे का ते सांगा. उपचार होऊ शकणारं कारण नजरेतून सुटता कामा नये, तेही आनुवंशिक आजाराच्या घरात, कारण तिथे सगळं जीनवर ढकलायची सवय लागते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घराण्यातलं जीन 'शोधून काढणं'. माहीत असलेल्या जीन्सच्या यादीत तपासणं हे एक काम, आणि यादीत काहीच सापडलं नाही तर जीनोममध्ये जागा हुडकणं हे पूर्ण वेगळं काम. त्याला मॅपिंग म्हणतात. आपल्याकडे जमीन शोधायची तर आधी तालुका, मग गाव, मग सर्व्हे नंबर आणि शेवटी एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव, तसंच इथे क्रोमोझोम, मग त्याचा पट्टा, मग त्यातली जीन्स, मग नेमका बदल. पद्धत अशी की क्रोमोझोमभर खुणा घ्यायच्या, मार्कर म्हणतात त्यांना, आणि बघायचं की घरातल्या आजारी माणसांकडे सगळ्यांकडे सारखी आलेली आणि म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहिलेल्यांकडे न आलेली खूण कुठली. जीनच्या जवळची खूण जीनसोबतच पिढ्यानपिढ्या जाते, लांबची मध्येच तुटते.

हंटिंग्टनच्या आजाराचं असंच झालं. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या एका प्रचंड घराण्याच्या मदतीनं १९८३ मध्ये चौथ्या क्रोमोझोमवर खूण सापडली, आणि प्रत्यक्ष जीन हाती लागायला १९९३ उजाडलं. एससीए-२ ची जागा क्युबातल्या कुटुंबांवरून १९९३ ला कळली, जीन १९९६ ला. एससीए-४ चं तर ऐका, अमेरिकेतल्या युटाच्या एका घराण्यावरून सोळाव्या क्रोमोझोमवरची जागा १९९६ ला कळली आणि नेमका बदल, झेडएफएचएक्स-३ जीनमधला जीजीसी रिपीट, बाहेर आला २०२३-२४ मध्ये. गाव कळून घर सापडायला पाव शतकाहून जास्त. हे घाबरवायला सांगत नाहीये, मॅपिंग म्हणजे आठवड्यात रिपोर्ट येणारी टेस्ट नव्हे हे आधी कळलेलं बरं म्हणून सांगतेय.

आणि त्याला माणसं लागतात. पुरावा पुरेसा झाला की नाही हे लॉड स्कोअरनं मोजतात, ३ आला तर खूण आणि आजार यांची जोडी खरी असण्याच्या बाजूनं हजारास एक. आई किंवा बाप आणि त्यांचं मूल अशी एक उपयोगी जोडी फार फार तर ०.३ देते, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी अशा दहाएक जोड्या हव्यात. तुम्ही सांगितलेल्या घरात आज हयात आजारी तिघे. तेवढ्यावर नवीन जीन मॅप होणार नाही, हे स्पष्ट सांगते. पण घर तिघांवर संपतं का हे कुठे माहीत आहे?

इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण गोव्यात ही गोष्ट खूप जमण्यासारखी आहे आणि कुणी करत नाही. आजोबांची भावंडं कोण, पणजोबांची कोण, त्यांची लेकरं कुठे गेली हे विचारायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा. पुरुष जमिनीचे वारस सांगतात, बायका माणसं सांगतात, कोण कशानं गेलं, कोण लग्नानंतर अंथरुणाला खिळली, कुणाला काठी कधी लागली. कुलदेवाच्या देवळात महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार कुटुंबांच्या नोंदी असतात, जत्रेला मुंबई, कारवार, बेळगावची कुळावी मंडळी येतात, त्यातली एखादी शाखा तुमचीच निघते. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी आहेत. काही गावांत एकाच वांगडाची, म्हणजे एकाच मूळ कुळाची घरं हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही, आडनावं वेगळी झाली पण मूळ एक असल्याची आठवण दोन्हीकडे शिल्लक असते. जीन धर्म बदलत नाही, त्यामुळे तिकडेही विचारा. दत्तक आलेल्यांची नोंद तशीच ठेवा, रक्ताचं नातं नसेल तर ते नातं गणितात धरायचं नाही, आणि असं काही कळलं तर ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, घरातही उगाच उघडायचं नाही.

विचारताना 'आजार होता का' असं विचारू नका, कुणी हो म्हणत नाही. 'शेवटी चालायचे कसे', 'जेवताना ठसका लागायचा का', 'पेज पिताना हात थरथरायचा का' असं विचारा. आणि जे कारण सांगतील, गावच्या राखणदार देवाचा कोप, कुणीतरी केलेलं, वाताचं दुखणं, ते खोडून काढू नका, वय आणि लक्षण तेवढं लिहून घ्या.

दारूचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी बघायला हवा. या आजारातली माणसं अगदी दारुड्यासारखी चालतात-बोलतात, त्यामुळे थेंबही न घेणाऱ्याला बसमध्ये, बाजारात अपमान सोसावा लागतो. माझ्या ओळखीतल्या अशा पेशंटना मी डॉक्टरांचं छोटं पत्र खिशात ठेवायला सांगते, बाबांसाठीही करून घ्या. पण उलटही खरं आहे, वर्षानुवर्षं भरपूर पिण्यानं लहान मेंदू झिजतो आणि तसाच तोल जातो. मॅपिंगमध्ये अशा एका माणसाला चुकून 'आजारी' धरलं तर खरी जागा गणितातून निसटू शकते. म्हणून आजोबांच्या पुढे मी वंशावळीत प्रश्नचिन्ह घालेन. अर्थात बाबा आणि आत्या दोघांना आहे म्हणजे ते त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी आलंय हे जवळपास नक्की, पण आजीच्या माहेरची चौकशी केल्याशिवाय आजोबांवर शिक्का मारायचा नाही. आणि आजीकडून आलेलं निघालं तर वर मी जे एक्स क्रोमोझोम आणि मायटोकॉन्ड्रिया बाद केले तेही परत उघडावे लागतील, इतका फरक एका म्हाताऱ्या माणसाबद्दलच्या खात्रीनं पडतो.

मॅपिंगला रक्त कुणाचं उपयोगी हेही लोकांना उलटं वाटतं. तरुण, अजून ठणठणीत असलेल्यांचं फारसं नाही, कारण त्यांना पुढे होणार की नाही ठाऊक नाही. सत्तरी ओलांडलेले निरोगी काका-आजोबा, लांबच्या शाखेतला एखादा आजारी चुलतभाऊ, आणि आजारी माणसाचा नवरा किंवा बायको, हे मोलाचे. जितका आजारी नातेवाईक लांबचा तितका दोघांत सारखा राहिलेला जीनोमचा भाग कमी, म्हणजे शोधायची जागा तेवढी आखूड.

समजा होल जीनोममध्ये एखादा संशयित बदल सापडलाच, तर रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असं लिहून येईल, व्हीयूएस म्हणतात त्याला. तो पॉझिटिव्ह नाही आणि निगेटिव्हही नाही. परदेशी डेटाबेसमध्ये तो दुर्मिळ दिसेल, पण आपल्या लोकांत सर्रास असू शकतो. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला, त्यानं आता ताडून बघता येतं. शिवाय तो बदल आत्या आणि आतेभावातही आहे का, निरोगी म्हाताऱ्यांत नाही ना, हे बघितल्याशिवाय त्यावर कुणाचं लग्न मोडायचं नाही की गर्भाचा निर्णय घ्यायचा नाही. एखाद्या समाजात एकाच पूर्वजाकडून आलेला बदल पसरलेला असतो हेही लक्षात ठेवा, उत्तर भारतातल्या अग्रवाल समाजात एससीए-१२ तसा दिसतो. म्हणून पैसे, वेळ मर्यादित असतील तर आधी आपल्या समाजात, आपल्या भागात पूर्वी काय सापडलंय ते डॉक्टरांना विचारणं फायद्याचं.

इथपर्यंतचं थोडक्यात, एक्झोम परत करू नका, बाबांचं रिपीट पॅनल करा, फॉर्मवर डोळ्यांचं लिहा, वंशावळ आत्तापासून काढायला घ्या, मॅपिंगचा विचार पॅनल आणि जीनोम दोन्ही रिकामे आले तरच.

आता तुमची स्वतःची टेस्ट. आज करू नका. बाबांमध्ये नेमका बदल कळल्याशिवाय तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही, बाबांच्या एक्झोमसारखाच होईल तो. बाबांचं कळलं की मग तुमची टेस्ट एका आकड्याची आहे, हो किंवा नाही, आणि तेव्हा निर्णय सर्वस्वी तुमचा. भावी सासरचा नाही, आईचाही नाही. करायची नसेल तर न करणं हाही पूर्ण मान्य निर्णय आहे, आणि तुमच्या भावाला जाणून घ्यायचं नसेल तर तुमच्या उत्तरातून त्याचं उत्तर निघत नाही हेही घरच्यांना समजावून सांगा, प्रत्येकाचं नाणं वेगळं पडतं. घरातल्या अठरा वर्षांखालच्या, लक्षणं नसलेल्या कुणाचीही टेस्ट करायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. मी समोर बसलेल्याला नेहमी विचारते, पॉझिटिव्ह आला तर त्या आठवड्यात तुमच्यासोबत कोण असेल. उत्तर नसलं तर रक्त काढायची घाई करत नाही, पुढची तारीख देते. रिपीटच्या संख्येवरून आजार कधी सुरू होईल याचा अंदाज येतो पण वर्ष सांगता येत नाही, आणि आज तरी आजार थांबवणारं औषध नाही. फिजिओथेरपी, गिळण्याची काळजी, पडण्यापासून जपणं यानं मात्र रोजच्या जगण्यात फरक पडतो, तो बाबांसाठी आजपासून करता येईल.

स्थळाला काय सांगायचं हे मी ठरवू शकत नाही. पण मुलं होण्याच्या बाबतीत रस्ते आहेत एवढं नक्की सांगते. घरातला बदल कळलेला असला तर गरोदरपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बघता येतं, किंवा आयव्हीएफ करून बदल नसलेला गर्भच निवडता येतो. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यानं नोंदणी झालेल्या केंद्रात आनुवंशिक आजारासाठी तपासणीला परवानगी आहे, लिंग मात्र कुणी सांगणार नाही. हे सगळं बाबांच्या रिपोर्टवर उभं आहे.

सुरुवात गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजीपासून करा, बांबोळीला, एक्झोमचा पूर्ण रिपोर्ट, एमआरआयची सीडी आणि हातानं काढलेली वंशावळ घेऊन जा. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेतही ॲटॅक्सियाच्या घरांचं काम वर्षानुवर्षं चालतं, रक्त किंवा पेशंट तिकडे पाठवायचा तर पत्र घेऊन ठेवा. आणि बाबांचं, आत्याचं रक्त घेतील तेव्हा उरलेला डीएनए जपून ठेवता येईल का ते आधीच विचारा, परवानगीच्या कागदावर 'पुढील तपासणीसाठी आणि कुटुंबीयांच्या उपयोगासाठी' असं त्यांच्या सहीनं लिहून घ्या. आत्याला सही करायला हात साथ देत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा चालतो, पण तिला समजावून, तिच्या होकारानं.